गोल झाल्यावरचा अर्धा मिनिट: तुमच्या मनात कुठलं सेलिब्रेशन घर करून आहे?

सांजवारा

मंडळी, लेक चार दिवस तापाने घरात होती. तिचं मन रमावं म्हणून फुटबॉलच्या जुन्या चित्रफिती लावत होते. त्यात २०१० ची एक निघाली. आइसलंडमधला स्त्यार्नन नावाचा क्लब, राजधानी रेक्याविकच्या शेजारच्या गावातला. गोल मारणारा खेळाडू लांब गळ टाकतो. दूरवर उभा असलेला त्याचा सहकारी धपकन गवतावर पडतो आणि मासा होतो. हा इकडे रीळ फिरवत ओढतोय, तो तिकडून तडफडत, उसळ्या मारत सरकतोय. शेवटी चार-पाच जण त्याला आडवा उचलून हातांवर धरतात, ओळीत उभे राहतात आणि एक जण समोरून खोट्या कॅमेऱ्याने फोटो काढतो. सगळं मिळून अर्धा मिनिट.

लेक तापातही खदखदून हसली. पुन्हा पुन्हा लावायला लावली. तेवढ्यात नवरा म्हणाला, "हे पाठ केलेलं नाटक आहे. गोल झाल्यावर माणसाला भान राहत नाही, तेच खरं सेलिब्रेशन." जेवण संपेपर्यंत आमचा वाद चालला. मला तो मासा मनापासून आवडला आणि खोटाही वाटला नाही. पण का, ते धड सांगता येईना.

म्हणून तुम्हाला विचारते. ठरवून केलेलं सेलिब्रेशन तुम्हाला भिडतं का? की उत्स्फूर्त तेच खरं? आणि तुमच्या मनात राहिलेलं कुठलं?

चहाबाज

पहिला! मासा कुठला होता ते आधी सांगा. सुरमई की रावस?

सांजवारा

@चहाबाज, लेकीच्या मते पापलेट. ताप उतरलाय, आता मागतेय.

जुना_गोलकीपर

मी तुमच्या यजमानांच्या बाजूने.

१९८२ चा वर्ल्ड कप फायनल, माद्रिद. पश्चिम जर्मनीविरुद्ध इटलीचा दुसरा गोल मार्को तार्देल्लीने मारला. त्यानंतरची त्याची ती धाव बघा. दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या, डोकं डावी-उजवीकडे हलतंय, तोंडातून ओरडणं थांबतच नाही आणि डोळ्यांत पाणी. तो कुठे पळतोय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. हे कोण बसवू शकेल?

दुसरं १९९० चं. आम्ही चिपळूणला, वाड्यात एकच रंगीत टीव्ही, दूरदर्शनवर सामने. कॅमेरूनचा रॉजे मिला तेव्हा ३८ वर्षांचा. निवृत्त होऊन हिंद महासागरातल्या रेयुनियों बेटावर खेळत होता, तिथून त्याला राष्ट्राध्यक्षांनी परत बोलावलं. प्रत्येक वेळी बदली खेळाडू म्हणून यायचा. रुमानियाविरुद्ध दोन आणि कोलंबियाविरुद्ध दोन, असे चार गोल केले. गोल झाला की थेट कोपऱ्यातल्या झेंड्याकडे जायचा, एक हात पोटावर, दुसरा वर, आणि कंबर हलवत नाचायचा. वाड्यातल्या आजी, ज्यांना ऑफसाइड सोडाच पण कुठला संघ कुठल्या बाजूला हेही कळत नव्हतं, त्या म्हणाल्या, "हा आपल्यातला वाटतो." मला आजही त्या वाक्याचं नवल वाटतं. कॅमेरून कुठे आणि चिपळूण कुठे!

खडीसाखर

माझं मत ब्राझीलच्या बेबेतोला. ९ जुलै १९९४, डॅलस, ब्राझील-हॉलंड उपांत्यपूर्व सामना. दोनच दिवसांपूर्वी त्याला मुलगा झाला होता आणि हा अमेरिकेत. गोल मारून साइडलाइनकडे धावला आणि हातांचा पाळणा करून झुलवायला लागला. एका बाजूला मझिन्यो, दुसऱ्या बाजूला रोमारिओ येऊन तसाच पाळणा झुलवायला लागले. माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते, मी झाले तेव्हा समुद्रावर. हा गोल लागला की ते आवाज बंद करून नुसते बघायचे.

जुना_गोलकीपर

@खडीसाखर, अंगावर काटा आला. आणि हा पाळणा बहुतेक त्याच्या डोक्यात आधीपासून असणार. म्हणजे ठरवलेलाच म्हणायचा. माझ्या बाजूला एक भगदाड पडलं खरं.

पेठेतला

कोल्हापूरकर आल्याशिवाय फुटबॉलचा धागा पुरा होत न्हाई.

आमच्याकडं फुटबॉल तालमीतनं आला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ही सगळी तालीम मंडळंच. आधी लाल माती, मग फुटबॉल. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. माझी तालीम कुठली ते सांगत न्हाई, न्हाईतर धागा पेटेल.

आता सेलिब्रेशनचं बघा. आमच्यात एक पोरगा होता, लेफ्ट विंगला. गोल मारला की आपल्या गॅलरीसमोर जायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा आणि शड्डू ठोकायचा. मांडीवर एक, दंडावर एक. त्याच्या आज्ज्याला आख्खी पेठ पैलवान म्हणून ओळखायची. आज्जा गॅलरीत पहिल्या पायरीवर बसलेला असायचा. पोरानं शड्डू ठोकला की म्हातारा काठी बाजूला ठेवून बसल्या जागी मांडीवर थाप मारून उत्तर द्यायचा. हलगी कडाडायची. लोक गोलपेक्षा त्या दोन थापांची वाट बघायचे.

एका वर्षी सेमी फायनलला त्यानं गोल मारला आणि उत्साहाच्या भरात समोरच्या गॅलरीकडं जाऊन शड्डू ठोकला. तोच शड्डू, तीच मांडी. पण पाण्याच्या बाटल्या आल्या, चपला आल्या, सामना वीस मिनिटं थांबला. आज्जानं घरी गेल्यावर एकच सांगितलं: "शड्डू जोडीला ठोकायचा असतो, पडलेल्याला न्हाई." त्यानंतर पोरानं पुन्हा कधी तिकडं तोंड करून काय केलं न्हाई.

मला विचाराल तर ठरवलेलं की आपसूक हा प्रश्न धाकटा. तोंड कुणाकडं करून करतोय, हा थोरला.

अनुजा_प

पेठेतला दादा, काय लिहिलंय! आज्जा डोळ्यांसमोर उभा राहिला.

आमचं कॉलेज पुण्यातलं, मुलींचा संघ, वर्ष २०१३. बघायला येणारे म्हणजे संघातल्या मुलींच्या खोलीतल्या मैत्रिणी आणि दोन कुत्री. पहिल्या फेरीत आमच्या स्ट्रायकरने गोल मारला आणि पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना. मुलगे करतात तशी अंगावर उडी मारणं आम्हाला जमेना, टाळ्या देणं मिळमिळीत वाटत होतं! मग आमची सेंटर बॅक, मूळची साताऱ्याकडची, धावत आली, स्ट्रायकरचे दोन्ही हात उलटे धरले आणि फुगडी घातली. स्टड घालून, चिखलात. गरगर गरगर, माती उडतेय, दोघी किंचाळतायत. बाकीच्यांनी भोवती रिंगण धरलं.

पुढच्या सामन्याला चाळीस माणसं आली. त्याच्या पुढच्याला होस्टेलच्या मावशीसुद्धा पदर खोचून आल्या, "फुगडी आहे ना आज?" म्हणत. ठरवलेलं म्हणाल तर पहिली फुगडी आपसूक आणि नंतरच्या सगळ्या ठरवलेल्या. आनंदात तसूभर फरक नव्हता.

चहाबाज

मावशींसाठी एक गोल जादा द्या.

पंच_काका

मी बावीस वर्षं जिल्हा पातळीवर पंचगिरी केली. नियमाबद्दल लोकांत गैरसमज फार आहेत, म्हणून लिहितो.

सेलिब्रेशनला नियमाची हरकत नाही. फार वेळ घालवायचा नाही, एवढंच. मैदानाबाहेर गेलं म्हणून लगेच पिवळं कार्ड नाही. पण कुंपणावर चढलं, डिवचणारे हावभाव केले, तोंडावर मुखवटा चढवला किंवा जर्सी काढली, तर कार्ड दाखवावंच लागतं. जर्सीचा नियम २००४ पासून सक्तीचा आहे. आणि ही गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते: गोल नंतर रद्द झाला तरी कार्ड रद्द होत नाही.

कुंपणाचं कारण ऐका. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पाउलो दिओगो नावाचा सर्व्हेत क्लबचा खेळाडू गोलच्या आनंदात प्रेक्षकांच्या जाळीवर चढला. नुकतंच लग्न झालेलं. खाली उडी मारताना अंगठी जाळीत अडकली आणि बोट तुटलं. त्याही अवस्थेत त्याला पिवळं कार्ड मिळालं. मी सामन्याआधी मुलांच्या अंगठ्या, कडी, गळ्यातल्या साखळ्या काढायला लावायचो तेव्हा मुलं कुरकुरायची. त्यांना हीच गोष्ट सांगायचो.

पण मीही माणूस आहे. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ११६ व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्ताने गोल मारून जर्सी काढली. आतल्या बनियनवर लिहिलं होतं की दानी हार्के कायम आमच्यासोबत आहे. हार्के म्हणजे आदल्या वर्षी गेलेला त्याचा मित्र, दुसऱ्या क्लबचा खेळाडू. पंचाने कार्ड दाखवलं, नियमाने बरोबरच होतं. मी तिथे असतो तर मीही दाखवलं असतं आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडलो असतो.

सोलवरून_सुहास

नोकरीनिमित्त आठ वर्षं दक्षिण कोरियात आहे. इथे २००२ चा विषय काढला की ऑफिसातले पन्नाशीचे साहेबसुद्धा खुर्ची मागे सारून स्केटिंग करून दाखवतात.

त्या वर्षी फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शॉर्ट ट्रॅक स्केटिंगच्या फायनलला कोरियाचा किम दोंग-सुंग पहिला आला. पण त्याला बाद ठरवून सुवर्ण अमेरिकेच्या अपोलो ओनोला दिलं. सगळा देश पेटला होता. चार महिन्यांनी वर्ल्ड कपमध्ये देगू शहरात समोर अमेरिकाच आली. कोरिया एका गोलने मागे. ७८ व्या मिनिटाला आन जंग-ह्वानने हेडरने बरोबरी साधली, कोपऱ्याकडे गेला आणि वाकून, एक हात पाठीवर ठेवून स्केटिंग करायला लागला. मागे सगळे तसेच. एकाने तर ओनोची नक्कल केली, हात वर करून, जणू मला अडवलं म्हणून तक्रार करतोय.

बाहेरच्या माणसाला वाटेल, हे काय चाललंय? पण इथल्या प्रत्येक घराला त्याचा अर्थ एका क्षणात कळला. माझे साहेब म्हणतात, त्या दिवशी किमचं पदक आम्हाला परत मिळालं. पेठेतला यांच्या कसोटीने बघितलं तर तोंड दोन्हीकडे होतं. डिवचणंही होतं आणि आपल्या माणसाची पाठराखणही.

पेठेतला

@सोलवरून_सुहास, हे मात्र पटलं. जोडीला जोड होती की. पडलेल्याला न्हवता तो शड्डू.

मृण्मयी

मग ११ जून २०१९ चं काय म्हणाल? महिला वर्ल्ड कप, अमेरिकेने थायलंडला १३-० ने हरवलं आणि शेवटच्या गोलपर्यंत नाच, बोटांनी गोल मोजणं चालू होतं. तेव्हा जगभर टीका झाली. मला ते बघवलं नाही. तेच अमेरिकन संघातल्या अॅलेक्स मॉर्गनने उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध करंगळी वर करून चहाचा घोट घेतला, ते मला जाम आवडलं. तोच संघ, तीच स्पर्धा. समोरचा उठून उत्तर देऊ शकतो की नाही, यावर माझं तरी आवडणं-नावडणं ठरतं.

अनुजा_प

@मृण्मयी, थायलंडच्या सामन्याबद्दल असहमत. वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा गोल मारणारी मुलगी तेराव्यात असली म्हणून तिने गप्प बसायचं? आयुष्यभर त्या एका गोलसाठी पहाटे उठलेली असते ती. आणि पुरुषांच्या संघाला कुणी एवढं सुनावलं असतं असं मला वाटत नाही.

मृण्मयी

@अनुजा_प, पहिल्या गोलचा मुद्दा मान्य. पुरुषांना मात्र सुनावतात ग. २०२२ च्या वर्ल्ड कपला ब्राझीलने कोरियाविरुद्ध प्रत्येक गोलनंतर नाच केला, प्रशिक्षक तितेसुद्धा रिशार्लिसनबरोबर कबुतरासारखी मान हलवत नाचले, तेव्हा माजी खेळाडू रॉय कीनने टीव्हीवर चांगलंच झापलं होतं.

सोलवरून_सुहास

त्या रात्री मी इथेच होतो. ४-१ हरलो. कोरियन मित्रांना नाचाचा राग नव्हता, आपल्या बचावाचा होता.

मडगावकर

न केलेल्या सेलिब्रेशनबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. नोव्हेंबर २०००, इटलीतली लीग. अर्जेंटिनाचा बातिस्तुता रोमा क्लबकडून खेळताना फिओरेंतिनाविरुद्ध गोल मारतो. त्या फिओरेंतिनासाठी त्याने नऊ वर्षं घातलेली. सगळे सहकारी गळ्यात पडले आणि हा रडत होता. एरवी मशिनगन चालवल्यासारखं करणारा माणूस. माझ्या लेखी ते सगळ्यात मोठं सेलिब्रेशन.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर सुनील छेत्री. १२ जून २०२३, भुवनेश्वर, वानुआतूविरुद्ध ८१ व्या मिनिटाला एकमेव गोल. चेंडू उचलला, जर्सीखाली पोटावर ठेवला आणि स्टँडमध्ये बसलेल्या बायकोकडे बघून चुंबन फेकलं. घरात बाळ येणार ही बातमी अख्ख्या देशाला अशी कळली. आम्ही गोव्यात टॅव्हर्नमध्ये बघत होतो. अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, जणू बारशाचं आमंत्रण आम्हालाच आलंय. याच माणसाने पाच वर्षांपूर्वी, मुंबईत जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये हॅटट्रिक मारल्यावर, हात जोडून लोकांना सामने बघायला या म्हणून विनवलं होतं. ज्याने आपल्याला बोलावून घेतलं, त्याने आपल्या घरची बातमी आधी आपल्याला सांगितली. मला तरी ते तसंच वाटलं.

खडीसाखर

बेबेतोचा पाळणा आणि छेत्रीचं पोट. दोन्ही एका अल्बममध्ये लावायला हवेत.

हिरवळ_कोच

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना ठाण्यात शिकवतो. थोडं वेगळं आणि गंभीर लिहितोय.

ऑक्टोबर २०१४, मिझोरम प्रीमियर लीग. बेथलेहेम वेंगथ्लांग क्लबचा पीटर बियाकसांगझुआला, वय २३. बरोबरीचा गोल मारला, आनंदात कोलांटउडी मारली, ती चुकली आणि तो मानेवर पडला. मणक्याला इजा झाली. काही दिवसांनी रुग्णालयातच त्याचा मृत्यू झाला. मी पूर्वोत्तरच्या एका शिबिरात होतो, तिथली मुलं त्याचं नाव खालच्या आवाजात घ्यायची.

त्यामुळे माझ्याकडे कोलांटउडी बंद. जो लहानपणापासून जिमनॅस्टिक शिकलाय त्यालाही बंद. गुडघ्यांवर घसरणंही टर्फवर बंद. ओल्या गवतावर ते सुंदर दिसतं. आपल्याकडे दुपारी तापलेल्या कृत्रिम गवतावर घसरलं की कातडी सोलून निघते, आठवडाभर पँट घालता येत नाही. पालकांनो, कृपया मुलांना सांगा.

बाकी मात्र मी मुलांना पाच मिनिटं सेलिब्रेशनसाठी मुद्दाम देतो. काही पालक विचारतात की पैसे गोलवर नेमबाजीचे देतो की नाचाचे. माझा अनुभव सांगतो. एक अबोल मुलगा होता, बचावफळीतला, कधीच गोल न मारणारा. आमच्या गटाने "लोकलचा डबा" बसवला होता. सगळे हात वर करून दांडी पकडल्यासारखे एकमेकांना चिकटून उभे, आणि तो एकटा दारात लटकणारा. गोल कुणीही मारो, याच्याशिवाय डबा सुटायचा नाही. दोन महिन्यांत तो पोरगा मैदानभर ओरडून बोलायला लागला. हे नेमबाजीच्या सरावाने झालं नसतं.

पंच_काका

पीटरची बातमी वाचली होती. नाव पुन्हा डोळ्यांसमोर आलं. कोचसाहेब, अंगठीच्या गोष्टीसोबत ही पण सांगत जाईन.

शेवटची_लोकल

डब्याची कल्पना चोरतोय. आमच्या ऑफिसच्या संघासाठी. विरारची की कसाऱ्याची ते मतदानाने ठरवू.

जुना_गोलकीपर

कोणी व्हीएआरबद्दल, म्हणजे व्हिडिओ बघून गोल तपासण्याबद्दल, बोलणार आहे की नाही? १७ एप्रिल २०१९, चॅम्पियन्स लीग, मँचेस्टर सिटी-टॉटनहॅम. भरपाईच्या वेळेत सिटीच्या स्टर्लिंगचा गोल, सिटी उपांत्य फेरीत, त्यांचा प्रशिक्षक ग्वार्दिओला उड्या मारतोय, स्टेडियम वेडं झालेलं. आणि मग पडद्यावर गोल रद्द, अग्वेरो ऑफसाइड. ग्वार्दिओला गुडघ्यांवर कोसळला. आता खेळाडू गोल मारून आधी लाइन्समनकडे बघतात. तार्देल्ली आज खेळत असता तर निम्म्या धावेत थांबून कानाला हात लावणाऱ्या पंचाकडे बघत बसला असता. हे मला फार लागतं.

अनुजा_प

गोलकीपरकाका, म्हणून तर ठरवलेल्या सेलिब्रेशनची किंमत वाढलीय! तपासणी झाली, गोल दिला, की दुसऱ्यांदा आनंद करायला काहीतरी हाताशी हवं. फुगडी दोन मिनिटांनंतरही घालता येते.

जुना_गोलकीपर

@अनुजा_प, या एका मुद्द्यावर मी बाजू बदलतोय. वाड्यातल्या आजी असत्या तर तुझ्या बाजूने असत्या.

सांजवारा

किती लिहिलंत सगळ्यांनी! रात्री नवऱ्याला शड्डूपासून डब्यापर्यंत सगळं वाचून दाखवलं. पीटरच्या ठिकाणी आम्ही दोघं थांबलो.

मला मासा का आवडला ते आता सांगता येतं. स्त्यार्ननचे तेव्हाचे सामने छोट्या मैदानावर व्हायचे, त्यांच्या लीगकडे बाहेरचं कोण बघणार? मासेमारीच्या देशातल्या पोरांनी आपल्या लोकांना हसवायला मासा केला. तोंड आपल्या गॅलरीकडे होतं. जगाने नंतर बघितलं. आणि चार वर्षांनी, २०१४ ला, याच क्लबने पहिल्यांदा देशाचं विजेतेपद जिंकलं, त्याच मोसमात युरोपा लीगसाठी इंटर मिलानशीही खेळले. हरले मोठ्या फरकाने, पण तिथवर पोचले. नवऱ्याला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "बरं, मासा चालेल. पण तार्देल्ली माझा."

आज संध्याकाळी लेक आठवड्याने खाली खेळायला गेली. गोल तिने मारला नाही, मारला तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने. पण बाल्कनीतून बघते तर ही सोसायटीच्या फरशीवर आडवी पडून उसळ्या मारतेय आणि तो पार्किंगच्या खांबाशी उभा राहून रीळ फिरवतोय. फ्रॉकची पाठ काळीकुट्ट. वॉचमनकाका मोबाइल काढून फोटो घेत होते.

चहाबाज

पापलेटच. शंका मिटली.